रक्तातील धूळ

१९६७ साली पीटर वुल्फ या संशोधकाने रक्तद्रवातून सर्व बिंबिका काढून टाकल्या. तरीही रक्त गोठविण्याचा गुण त्या द्रवाच्या अंगी काही अंशी उरलाच. अतिवेगाने फिरविल्यावर त्या द्रवाच्या तळाशी जे सूक्ष्म कण बसले, त्यांना त्याने ‘बिंबिकांची धूळ’ म्हटले.

पुढे १९८३ मध्ये, माँट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करीत होत्या. पेशी पक्व होताना नकोशी झालेली प्रथिने इवल्याशा पिशव्यांत भरून बाहेर टाकते, असे त्यांना आढळले. घरातला केर उंबरठ्याबाहेर लोटावा तसाच हा प्रकार, असे पुष्कळांस वाटले. पण केरावरूनही घरातला संसार ओळखता येतो! २००७ मध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवून दिले की, या पुटिकांत आरएनए असते आणि दुसऱ्या पेशीत गेल्यावर ते तेथे प्रथिनेही घडविते. अर्थात कर्कपेशीने टाकलेल्या पुटिकेवरही त्या पेशीची खूण असणारच.

ती वाचावयाची कशी? केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर, तर यांपैकी लहान पुटिका ३० ते १५० नॅनोमीटरच्या. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या त्या आवाक्याबाहेर. येथे बायोसेन्सर उपयोगी पडतो: नेमके एकच द्रव्य ओळखणारा जैविक रेणू आणि ती ओळख मोजता येईल अशा संकेतात पालटणारे यंत्र, यांची ही जोडी. बोस्टनमध्ये २०१४ साली सोन्याच्या पातळ पत्र्याला सुमारे २०० नॅनोमीटरची छिद्रे पाडून त्यावर प्रतिपिंडे बसविण्यात आली. पुटिका चिकटली की छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित सरके. अंडाशयाच्या कर्करोगाचा माग त्यांनी अशा रीतीने काढला. मात्र पोटात साठलेल्या पाण्यातून, रक्तातून नव्हे. बातम्यांत हा भेद बहुधा गळून पडतो.

रक्तात गर्दी फार. निरोगी पेशींच्या पुटिका असतातच, शिवाय त्याच आकाराचे मेदकण त्यांच्याहून कितीतरी अधिक. नवजात गाठीचा वाटा त्यात अत्यल्प. २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी पुटिकांवरील ग्लिपिकन-१ या प्रथिनाचा मोठा बोलबाला झाला. पुढे इतरांना तो फरक तितका स्पष्ट दिसला नाही.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, हजारांत एकालाच रोग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी शेकडा एकाच्याच बाबतीत चुकते. ऐकायला हे उत्तम. परंतु एका खऱ्या रोग्यामागे दहा निरोगी माणसे ‘कर्करोगाचा संशय’ असा कागद घेऊन घरी जातील. त्यांच्या वाट्याला पुढच्या तपासण्या, सुईने काढलेले तुकडे, आणि निकाल लागेपर्यंतच्या रात्री.

म्हणून धडधाकट माणसे चाळीत बसण्यापेक्षा, ज्यांचा रोग निश्चित झाला आहे त्यांच्यासाठीच ही युक्ती आधी सिद्ध करावी, असे मला वाटते. गाठीचा तुकडा वारंवार काढता येत नाही. चमचाभर रक्त मात्र प्रत्येक फेरीला घेता येते, आणि औषध लागू पडते आहे की नाही, हा प्रश्न रोगी प्रत्येक फेरीला विचारतच असतो.