गंजलेला बोल्ट

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हां आपणांपैकीं कांहीं जणांनीं नाक मुरडलें असेल, तर मला त्याचें नवल वाटणार नाहीं. साठ वर्षें मीं स्वतः तेंच केलें आहे. संडासाच्या भांड्याचे गंजलेले बोल्ट काढावेत कसे, हा काय रेडिओवरून बोलण्याचा विषय झाला? परंतु ज्या वस्तूवर घरांतील लहानथोर प्रत्येक माणूस रोज आपला भार टाकतो, तिच्याविषयीं पंधरा मिनिटें बोलण्यांत कमीपणा नाहीं, असें मला आतां वाटूं लागलें आहे. हें शहाणपण मला कसें आलें, तेंच प्रथम सांगतों.

मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंतील एक निवृत्त शिक्षक. माझें गांव गडब. तें पेण तालुक्यांत, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. जवळच डोलवी येथें पोलादाचा मोठा कारखाना आहे, आणि पलीकडे धरमतरच्या खाडीचा खारेपाट पसरलेला आहे. एकीकडे लोखंड तयार होतें आणि दुसरीकडे खारा वारा तेंच लोखंड खातो, असें आम्ही थट्टेनें म्हणतों. खिडकीचे गज, पत्र्याचे खिळे, फाटकाच्या बिजागऱ्या, कशालाच येथें दीर्घायुष्य नाहीं.

माझी वडील बहीण माझ्याकडे राहते. तिला आम्ही सर्व अक्का म्हणतों. तिचे गुडघे दुखूं लागले तेव्हां उकिडवें बसणें तिला जमेना. म्हणून चार वर्षांपूर्वीं आम्हीं घरांत कमोड बसवून घेतला. दोन पावसाळे बरे गेले. मग एके दिवशीं अक्का म्हणाली, “अरे, त्याची बैठक हलते रे. एकदां बघशील का?” मीं उत्तर दिलें, “मिस्त्री आला कीं सांगतों.” मिस्त्री आज येतों, उद्यां येतों म्हणत राहिला, मीही त्याला फारसें टोंचलें नाहीं. अक्कानें पुढें आणखी दोनदां सांगितलें. तिसऱ्यांदा तिनें सांगितलें नाहीं. एका पहांटे बैठकीचा एका बाजूचा गंजलेला बोल्ट तुटला, बैठक सरकली आणि अक्का भिंतीवर आदळून खालीं आली. तिचें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें होता.

हात बरा झाला. पण दुसरीच एक गोष्ट मला उशिरा कळली. पडण्याच्या भीतीनें अक्का संध्याकाळनंतर पाणी पिईनाशी झाली होती. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून तहान मारून ती निजत असे, आणि कोणास सांगत नसे. एका बोल्टाची किंमत ती काय! पण त्याची फेड एक वृद्ध बाई रोज रात्रीं आपल्या तहानेनें करीत होती. त्या दिवशीं मी दुकानांतून नवे बोल्ट घेऊन आलों आणि आयुष्यांत प्रथमच संडासाच्या भांड्यापाशीं गुडघे टेकून बसलों.

आतां हा गंज येतो तरी कसा? लोखंडास गंज चढण्यास दोन गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायु. पाण्यांत मीठ असलें म्हणजे विजेचा सूक्ष्म प्रवाह त्यांतून सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया झपाट्यानें होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचे तुषार वाऱ्याबरोबर किनाऱ्यालगतच्या घराघरांत येतात. मुंबईकर श्रोत्यांनीं हें आपल्या घरासही लागू समजावें. शिवाय गंज मूळच्या लोखंडाहून दुपटीपेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून गंजलेला नट आपल्या आट्यांत फुगून बसतो आणि जागचा हलत नाहीं.

दुसरें कारण अधिक मौजेचें आहे. दोन निरनिराळ्या धातू ओलाव्यांत एकमेकांस चिकटून राहिल्या, कीं त्यांची जणूं एक लहानशी विद्युत्घटमाला होते आणि त्यांतली दुबळी धातु झिजत जाते. इंग्लंडच्या आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्यें तपासणी झाली, तेव्हां पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे पुष्कळ ठिकाणीं कुजून गेलेले आढळले. मात्र ज्या ठिकाणीं पत्र्याच्या वेष्टणाचा तपकिरी कागद चुकून मध्यें राहून गेला होता, तेथील लोखंड शाबूत होतें. एका क्षुद्र कागदानें दोन धातूंचें भांडण मिटविलें होतें! न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचें हेंच झालें. वरून तांब्याचा पत्रा आणि आंत लोखंडी पट्ट्या. मधलें वेष्टण काळानें निकामी झालें आणि पट्ट्या गंजल्या. १९८४ ते १९८६ या काळांत त्या काढून त्या जागीं न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आपल्या संडासांत पितळी बोल्टास लोखंडी नट बसविला, तर तेथेंही तोच प्रकार लहान प्रमाणांत घडतो. म्हणून नट, बोल्ट आणि धातूची चकती हीं तिन्ही एकाच धातूचीं घ्यावीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. बैठकीचे बोल्ट काढण्यास पाणी बंद करावें लागत नाहीं. परंतु फ्लशच्या टांकीचे बोल्ट काढावयाचे असतील, तर आधीं अँगल कॉक बंद करावा, फ्लश सोडून टांकी रिकामी करावी आणि तळाचें उरलेलें पाणी फडक्यानें टिपून घ्यावें. भांडें स्वच्छ धुवावें, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. गंजाचा कण डोळ्यांत गेला, तर बोल्टापेक्षां डोळ्याचाच खर्च मोठा होतो.

पहिली पायरी म्हणजे धीर. तारेच्या ब्रशानें नटावरील गंज झाडावा आणि गंज सोडविणारें पातळ तेल आट्यांवर सोडावें. अशा तेलांपैकीं एक सुप्रसिद्ध तेल, डब्ल्यूडी-४०, हें अमेरिकेंत १९५३ सालीं क्षेपणास्त्रांस गंज चढूं नये म्हणून तयार झालें. त्याच्या नांवांतील ४० हा आंकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. ज्यांनीं तें बनविलें त्यांस चाळीस प्रयत्न करावे लागले, तर आपण एक रात्र थांबावयास हरकत नसावी. संध्याकाळीं तेल सोडावें, निजण्यापूर्वीं पुन्हां सोडावें आणि सकाळीं कामास बसावें.

दुसरी पायरी म्हणजे बरोबर मापाचा पाना. पकडीनें नट धरला, तर त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग कशालाच दाद देत नाहीं. बोल्टाचें डोकें वरून दुसऱ्या कोणीतरी पेचकसानें स्थिर धरावें. आतां एक गोम सांगतों. येथें मी स्वतः फसलों होतों. नट सैल करावयाचा तो घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें, हें सर्वांस ठाऊक असतें. पण ही दिशा नटाकडे समोरून पाहतांनाची होय. येथें नट भांड्याच्या खालच्या अंगास असतो. आपण वरून पाहत हात खालीं घातला, तर दिशा उलटी होते आणि आपण नट सैल करण्याऐवजीं आवळीत बसतों. मीं अर्धा तास आवळीत होतों! तेव्हां आपण खालीं बसून वर पाहत आहों अशी कल्पना करावी आणि मग पाना फिरवावा. नट अगदींच हलत नसेल, तर प्रथम तो किंचित् आवळून पाहावा. गंजाची पकड मोडली कीं पुष्कळदां तो उलट फिरूं लागतो.

तरीही हलला नाहीं, तर तिसरी पायरी: बोल्ट कापणें. हॅक्सॉचें नुसतें पातें घ्यावें, हातांत धरावयाच्या टोंकास जाड फडकें गुंडाळावें, आणि नट व भांडें यांच्यामधल्या फटींत तें घालून सावकाश चालवावें. भांड्याच्या चकाकीवर ओरखडे पडूं नयेत म्हणून आधीं चिकटपट्टी लावून घ्यावी. मला एका बोल्टास पाऊण तास लागला. मधून मधून पाठ सरळ करीत गेलों, अक्का दारांत खुर्ची टाकून बसली होती आणि “झालं का रे?” म्हणून विचारीत होती. तुटलेला बोल्ट खालीं पडल्याचा आवाज आला, तेव्हां ती माझ्याआधीं हंसली.

दोन गोष्टी मात्र कधींही करूं नयेत. हातोडी मारूं नये, आणि मेणबत्ती अगर गॅसची ज्योत लावूं नये. चिनी मातीचें भांडें दिसावयास दणकट असलें, तरी एका ठोक्यानें अगर एका बाजूच्या उष्णतेनें तडकतें. आणि त्याची तडक सुरीसारखी धारदार असते. शिवाय वर सोडलेलें तेल पेट घेईल तें निराळेंच.

नवे बोल्ट बसवितांना धातु आणि भांडें यांमध्यें रबरी वॉशर अवश्य घालावा. सामान्य घरांत ३०४ प्रतीचें न गंजणारें पोलाद चालतें; खाडीकांठीं ३१६ प्रतीचें अधिक बरें, कारण त्यांतील मॉलिब्डेनम मिठाच्या माऱ्यास तोंड देतें. बैठकीपुरते चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिकचे बोल्टही चालतात. ते गंजत नाहींत, मात्र ठिसूळ झाल्यावर बदलावे लागतात. पोलादी नट पोलादी बोल्टावर कधीं कधीं जाम बसतो, यासाठीं आट्यांस थोडें ग्रीस लावावें. तें रबराशीं येणार असेल तर सिलिकोनचें घ्यावें, कारण खनिज तेलानें रबर फुगतें. दोन्ही बोल्ट आळीपाळीनें, प्रथम हातानें आणि मग पान्यानें जेमतेम अर्धा फेरा आवळावेत. फार आवळलें, तर भांडें तडकतें.

कोठें थांबावें हेंही कळलें पाहिजे. सबंध भांडें जमिनीवर डुगडुगत असेल, बुडाशीं पाणी झिरपत असेल, टांकी भिंतीच्या आंत असेल, किंवा भिंतींतून निघालेला नळाचा तुकडा गंजला असेल, तर तेथें आपला हात चालवूं नये. तो तुकडा भिंतींत तुटला, तर घरभर पाणी होतें. अशा वेळीं जाणत्या मिस्त्रीलाच बोलवावें, त्याला त्याच्या श्रमाचे पैसे द्यावेत, आणि चहाही विचारावा.

आणखी एक इशारा. पुष्कळ घरांत संडासाच्या कोपऱ्यांत ॲसिडची बाटली असते. त्याच्या वाफेनें नट-बोल्टच काय, न गंजणारें पोलादही खड्डे पडून खराब होतें. त्यांत कोणी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालीं ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तोच हा वायु. बंद दाराच्या लहानशा खोलींत तो जीवघेणा ठरूं शकतो. हीं दोन द्रव्यें एकत्र कधींही आणूं नयेत.

श्रोतेहो, मिस्त्री वेळेवर आला नाहीं, हें अक्काच्या पडण्याचें कारण मी जगास सांगत होतों. खरें कारण तें नव्हतें. पाना घरांत होता, हात धड होते, वेळ तर निवृत्त माणसास भरपूर. संडासाच्या भांड्यास आपण हात लावावयाचा नसतो, तें दुसऱ्या कोणाचें तरी काम, ही शिकवण माझ्या हाडींमाशीं खिळली होती. तीही एक प्रकारचा गंजच. आमच्याच पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबांचा जन्म झाला. पवनारजवळच्या सुरगांवांत जाऊन त्यांनीं आपल्या हातांनीं मैला उचलला, हें मीं वर्गांत दरवर्षीं मुलांस सांगितलें. आपल्या कोंकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत, भंगीकाम आम्हांसही करूं द्या, म्हणून अन्न सोडलें. आणि त्यांच्यासाठीं येरवड्यास गांधीजींनींही उपवास मांडला. हें काम करावयास मिळावें म्हणून एक ब्राह्मण उपाशी राहिला, आणि मी, त्याची कथा सांगून पगार घेणारा, दोन महिने मिस्त्रीची वाट पाहत राहिलों! मुलांनीं मला त्या दिवशीं पाहिलें असतें, तर माझा धडा त्यांना अधिक समजला असता.

आमच्या खारेपाटांत समुद्राचें पाणी शेतांत येऊं नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. बांध फुटून जी वाट पडते, तिला आम्ही खांड म्हणतों. खांड टोपलीएवढी असतांना एक माणूस ती बुजवितो. एक भरती मध्यें गेली, कीं सारा गांव लागतो आणि तरी पीक हातचें जातें. घरांतील सैल बोल्टाचें असेंच आहे. तेव्हां आज भाषण संपल्यावर आपण उठावें, आपल्या घरांतील बैठक दोन्ही हातांनीं धरून एकदां हलवून पाहावी. आणि घरांत कोणी वडील माणूस असेल, तर त्यास हळूच विचारावें, कीं रात्रीं पाणी पितां ना? आमची अक्का आतां पिते. उशाशीं तांब्या भरून ठेवण्याचें काम तिनें माझ्याकडे दिलें आहे, आणि तें मी चुकवीत नाहीं.