वेटसूट अंगाला बसला का?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंगला गेलात, की बोटीवर हातात एक काळा, रबरासारखा सूट पडतो. मापाचं तुम्हाला कुणी विचारेलच असं नाही. तुम्ही मात्र विचारा.

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. नावातच ते आहे. आत पाण्याचा पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उबेनं कोमट होतो. थंडी खरी अडवतं ते सुटाचं रबर, निओप्रीन, म्हणजे त्यातले वायूचे बारीक बुडबुडे. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगानं ऊब खेचतं. म्हणून 27 अंशांच्या पाण्यातही बराच वेळ राहिलं की हुडहुडी भरते. सूट सैल असेल तर दर हालचालीला गार पाणी आत-बाहेर होतं, आणि सगळं मुसळ केरात.

घालून पाहा. कमरेच्या खळग्यात, काखेत सूट चिमटीत आला, तर माप मोठं. गळ्याशी श्वास कोंडला, तर लहान. बोटीवर थोडा घट्टच वाटायला हवा, पाण्यात तो सैलावतो. आपल्या कोकणात 3 मिलिमीटर जाडी बहुतेकांना पुरते. 7 ची हौस करू नका. जाड सूट जास्त तरंगतो, मग कमरेला शिशाची वजनं वाढवावी लागतात. आणि 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, ऊबही घटते.

वापरल्यावर सूट गोड्या पाण्यात खळबळा आणि सावलीत वाळत घाला. उन्हात निओप्रीन कडक होऊन चिरा पडतात.