आरंभ केव्हा करावा?



कामगार चळवळीतल्या माणसाने मनातल्या इच्छांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या अनुभवाने हे दोन विषय एकमेकांपासून फार दूर नाहीत.

ताथवड्यापासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या दारांत सभा घेण्यात आमची तीस वर्षे गेली. मागण्यांची चर्चा संपली, की एखादा कामगार मागे रेंगाळतो आणि हळूच म्हणतो, "दादा, मला तबला शिकायचा होता." कोणाला नाटकात उतरायचे असते, कोणाला लिहायचे असते. लगेच पुस्ती जोडली जाते, "कर्ज फिटू दे, मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू." पुढे कर्ज फिटते, मुलगी नांदावयास जाते, तबला मात्र दुकानातच राहतो.

या संकोचाची मुळे दोन. एक बाहेरचे : बारा तासांची पाळी आणि आज आहे, उद्या नाही अशी कंत्राटी नोकरी. अशा माणसाला 'हिंमत धर' असा कोरडा उपदेश करणे ही थट्टा होय. तेथे संघटनाच हवी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. ती कोणी दान दिलेली नाही.

दुसरे मूळ आतले : "आपले शिक्षण ते केवढे? लोक हसतील." यावर कोणतीही युनियन करार करून देऊ शकत नाही. येथे नारायण सुर्वे यांच्याकडे पाहावे. जन्मदाते ठाऊक नाहीत. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने पोर उचलून घरी नेले आणि आपले नाव दिले. पुढे त्या पोराने गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली, शिकत शिकत शिक्षक झाला. या धबडग्यातच कविता चालू होती. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह १९६२ साली निघाला आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. स्वस्थता लाभल्यावर लिहू, असे ते म्हणते तर ती ओळ कधीच उमटली नसती.

प्रत्येकजण सुर्वे होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ती कसोटीच नव्हे. आपल्या गावच्या भजनात नवा माणूस आला, तर त्याला कोणी दाखला मागत नाही. हातात टाळ देतात. टाळ धरता धरता ताल कळतो. आधी ताल, मग टाळ, असे म्हणणारा ओट्यावरच बसून राहतो. म्हणून आठवड्यातला एक तास ठरवा आणि जे होईल ते एका विश्वासू माणसाला दाखवा. आरंभास एवढे पुरे.

याला आम्ही खाजगी चैन मानीत नाही. रिकामा पडलेला तास ओव्हरटाइमच्या नावाने सहज निघून जातो आणि कोणाला त्याची खंत वाटत नाही. ज्याने तो तास आपल्या आवडीच्या कामी लावला, तोच उद्या तो राखण्यासाठी दारावर उभा राहील.