थांबलो असतो तर



पावसाळ्यातली संध्याकाळ.
कर्जतहून चौककडे जाताना माझ्या गाडीचा धक्का एका वासराला लागला.
चूक माझीच. लक्ष फोनकडे होतं.

मी थांबलो नाही.

त्या वासराचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही.
टोचतं ते हेच.

पावसात आपल्याकडे गुरं डांबरावर येऊन बसतात.
कर्जतला तसंच, खालापूरला तसंच.
त्यांना चिखलापेक्षा रस्ता बरा वाटतो.
काळी म्हैस तर अंधारात दिसतच नाही.
तेव्हा वळणावर वेग कमी ठेवा.

आणि तरीही धक्का लागलाच, तर थांबा.

गाडी कडेला घ्या.
जखमी जनावर घाबरलेलं असतं. लाथ मारतं, चावतं.
एकदम हात लावू नका.

गुरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ हा नंबर लावा.
पुन्हा सांगतो. एक, नऊ, सहा, दोन.

भेकर, रानडुक्कर असं जंगली जनावर असेल, तर वन विभागाचा १९२६.
एक, नऊ, दोन, सहा.
आकडे तेच, क्रम वेगळा. माझाही घोळ होतो.
लिहूनच ठेवा.

मग मालकाला शोधा.
तो चिडेल, चार शब्द सुनावेल.
ऐकून घ्या.

पण थांबा.