पदकाचा गौरव आणि न्यायाचा प्रश्न



मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यातील कांगाथेई या खेड्यात झूम शेतीत राबणारे एक कोम आदिवासी कुटुंब होते. वडील तरुणपणी कुस्ती खेळलेले. थोरली मुलगी शेतात हातभार लावीत शिकत होती. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मणिपूरच्याच डिंको सिंगने मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले आणि या मुलीने इंफाळमध्ये मुष्टियुद्धाचे शिक्षण सुरू केले, तेही घरच्यांपासून लपवून. २००० साली तिने राज्य स्पर्धा जिंकली. वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून वडिलांना ती बातमी कळली. मुलीच्या चेहऱ्याला इजा झाली तर तिचे लग्न कसे जमणार, ही त्यांची पहिली चिंता होती. आखाडा पाहिलेल्या पित्यालाही मुलीच्या अंगातील बळ प्रथम संकटच वाटावे, यातच स्त्रीच्या स्थितीचे दर्शन घडते.

मेरी कोमची ही कहाणी ‘जिद्दीने गरिबीवर केलेली मात’ म्हणून सांगितली जाते. ते अर्धे सत्य आहे. डिंको सिंग मैतेई, इंफाळमधील पहिले प्रशिक्षक कोसाना मैतेई, आणि शिष्या कोम. जातीजमातींच्या भिंती ओलांडून मिळालेल्या या सहकार्याशिवाय केवळ जिद्द कितीशी पुरली असती?

जिद्दीपुढे नियमांच्या भिंतीही होत्या. २००२, २००५, २००६, २००८ आणि २०१० असे पाच वेळा ती जगज्जेती झाली; त्यातील २००८चे विजेतेपद जुळ्या मुलांच्या जन्मानंतरचे. परंतु या काळात ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला स्थानच नव्हते. २०१२ साली लंडनमध्ये ते मिळाले, तेव्हा पुरुषांसाठी दहा वजनगट होते आणि स्त्रियांसाठी अवघे तीन. सर्वांत खालचा गट ५१ किलोंचा. ४६ आणि ४८ किलोंच्या गटांत जिंकलेल्या मेरीला आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. तरीही तिने कांस्यपदक आणले. समतेचे दार किलकिले उघडायचे आणि आत येणाऱ्याच्या धैर्याचे गोडवे गायचे, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे.

पुढे सन्मान आले. २०१६ साली राज्यसभेवर नियुक्ती झाली, २०१८ साली सहावे जागतिक विजेतेपद मिळाले, २०२० साली पद्मविभूषण जाहीर झाले. जानेवारी २०२३मध्ये महिला कुस्तीगिरांनी कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा सरकारने नेमलेल्या देखरेख समितीचे अध्यक्षपदही मेरी कोमकडेच आले. समितीचा संपूर्ण अहवाल सरकारने जनतेपुढे ठेवला नाही. एप्रिलमध्ये त्या मुली पुन्हा जंतरमंतरवर बसल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावरच पोलिसांनी गुन्हा नोंदवला. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या या कुस्तीगिरांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले. एका विजेतीला समितीच्या अध्यक्षपदी बसवल्याने इतर स्त्रियांना न्याय मिळत नाही. त्यासाठी तक्रार करणारीला संरक्षण हवे, अहवाल उघड हवा आणि क्रीडासंस्थांतील सत्ता खेळाडूंना जाब देणारी हवी.

त्याच महिन्यात मणिपूर पेटले. आपले राज्य जळत आहे, साहाय्य करा, अशी जाहीर विनवणी मेरीने केली. ऑगस्टअखेरीस कोम गावांच्या संरक्षणासाठी तिला गृहमंत्र्यांना पत्र लिहावे लागले. जिच्या पदकांनी देशाची मान उंचावली, तिला आपल्या लोकांच्या जिवासाठी अर्ज करावा लागला! मैतेई गुरू आणि कोम शिष्या ज्या इंफाळने घडवली, त्याच भूमीत माणसे एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकू शकेनाशी झाली.

पदक एकाच्या गळ्यात पडते. त्यामागची शिडी मात्र समाजाने उभारलेली असते. ती शिडी मोडू द्यायची आणि पदकाचा तेवढा उत्सव करायचा, हा गौरव नव्हे. पुढची कोम मुलगी निर्भयपणे इंफाळला जाऊ शकेल आणि पुढची कुस्तीगीर निर्भयपणे तक्रार करू शकेल, तेव्हाच मेरी कोमचा खरा सन्मान होईल.