लसीचा शोध आणि आपले मंडळ



हा विषय आम्ही सुचविला तेव्हा मंडळातील एक-दोन वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. वधूवरसूचक शाखा चालविणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर एच.आय.व्ही.चे नाव कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्या शाखेमुळेच हा विषय येथे काढणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेतली. तयारीस अवघे तीनएक महिने लागले होते. १९८४ साली एड्सच्या विषाणूचा शोध जाहीर करताना अमेरिकेच्या आरोग्यमंत्रीबाईंनी दोनेक वर्षांत लस चाचणीस सिद्ध होईल अशी आशा प्रकट केली. त्यास चाळीस वर्षे उलटली. परिणामकारक लस अद्याप हाती नाही.

शत्रूच मोठा मायावी. देवीतून उठलेल्यास पुन्हा देवी सहसा येत नसत. त्याच्या शरीराने घातलेला कित्ता लसीने गिरवावयाचा असे. येथे कित्ताच नाही. हा विषाणू प्रतिकारशक्तीच्या सेनापती-पेशींतच शिरतो, त्यांच्या गुणसूत्रांत मिसळून दडतो आणि सतत रूप पालटतो. थायलंडात सोळा हजारांवर स्वयंसेवकांनी भाग घेतलेल्या प्रयोगात २००९ साली सुमारे ३१ टक्के संरक्षण आढळले; त्याच धर्तीचा दक्षिण आफ्रिकेतील प्रयोग २०२० मध्ये निष्फळ म्हणून थांबवावा लागला. सहा महिन्यांनी टोचावयाचे लेनाकापाविर हे औषध २०२४ साली फार गुणकारी ठरले खरे, परंतु ते अंगात असेपर्यंतच राखण करते.

आपल्या पुण्यातही २००५ साली भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत अशी चाचणी झाली. निरोगी स्त्रीपुरुष आपण होऊन पुढे आले. लस निर्धोक ठरली, पण प्रतिकारशक्ती तिने बेताचीच जागविली.

चाचणीच्या अशा लसींत एच.आय.व्ही.चा जिवंत विषाणू नसतो. त्यांपासून हा रोग जडत नाही. तथापि लसीने उपजलेली प्रतिपिंडे नेहमीच्या रक्ततपासणीत उमटू शकतात आणि धडधाकट माणूस बाधित भासतो. निराळ्या तपासणीने उलगडा होतो. पण तोवर सोयरीक मोडावयास कितीसा वेळ लागतो?

म्हणून शाखेच्या चिटणीसांस आमची विनंती आहे. असा कोणी उमेदवार आला, तर रक्ताच्या एका कागदावरून त्याचे नाव बाजूस सारू नये. संशोधन संस्थेचा खुलासा मिळवून आणावयास त्यास अवधी द्यावा, आणि ते कागद कपाटाबाहेर जाऊ देऊ नयेत.