व्हिलन, भामटा आणि बेरड
(गणेशोत्सवातील भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनीअर. रूळ, स्लीपर आणि खडी यांत वीस वर्षे गेली, त्यामुळे मी भाषेवर बोलायला उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. पण शब्द कुठून आला हे शोधण्याचा मला जुना नाद आहे, आणि आज मी वाईट माणसासाठीचे शब्द निवडले आहेत.

इंग्रजीतला ‘व्हिलन’ घ्या. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे जमीनदाराची वाडी. तिथे राबणारा तो ‘व्हिलानस’, म्हणजे बिचारा शेतगडी! फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता तो आधी गावंढळ ठरला, मग हलकट आणि शेवटी खलनायक. ‘सामना’तले निळू फुलेंचे हिंदुराव आठवा. आपल्याकडे खलनायक म्हणजे वाड्याचा मालक; इंग्रजांकडे मात्र ते नाव गड्याला चिकटले. शब्द फिरवणारे कोणाच्या ओसरीवर बसले होते ते यावरून ओळखा. ‘नेव्ह’ म्हणजे लबाड. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘मुलगा’, नंतर घरचा नोकर. पत्त्यांतल्या जॅकचे हेच जुने नाव. आपण त्या पानाला सरळ ‘गुलाम’ म्हणतो, ते जास्त प्रामाणिक. ‘रास्कल’ ही साहेबलोकांची आवडती शिवी, तिचा उगम खालच्या थरातल्या जमावाच्या नावात. उलट ‘नोबल’, म्हणजे थोर, तो मुळात बड्या घराण्यातला.

आपणही मागे नाही. ‘पाखंडी’ म्हणजे ढोंगी, असे आपण समजतो. अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ म्हणजे कुठलाही पंथ, आणि सर्व पासंडांचा आपण सन्मान केला असे तो सांगतो. असा लेख असलेला एक स्तंभ आपल्या चंदीगडपासून फार दूर नसलेल्या, यमुनानगरकडच्या टोपरा गावी होता. फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीला नेला. फिरोजशहा कोटल्यावर आजही उभा आहे, मुलांना जरूर दाखवा.

पण मला खरे बोलायचे आहे ते दोन मराठी शब्दांवर. माणूस निगरगट्ट असला की आपण त्याला ‘बेरड’ म्हणतो. बेरड ही दख्खनमधली जमात. सुरपूरला त्यांचे राज्य होते. १७०५ साली म्हाताऱ्या औरंगजेबाने स्वतः वेढा घातला तो वाकिनखेड्याचा किल्ला त्यांचाच, आणि त्यांच्या मदतीला मराठी फौज धावली होती. ज्यांनी बादशहाला झुंजवले त्यांचे नाव आपल्या तोंडी शिवी म्हणून राहिले.

‘भामटा’ हेही जमातीचे नाव. रेल्वेचा माणूस म्हणून मला हे जास्त टोचते, कारण ब्रिटिश पोलिसांच्या पुस्तकांत भामट्यांची ओळख रेल्वेतले चोर अशीच दिलेली आहे. एखाद्याने पाकीट मारले तर तो चोर, हे ठीक. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्खी जमातच गुन्हेगार ठरवता येऊ लागली, पाळण्यातले मूलसुद्धा. आधी हा कायदा उत्तरेत, पंजाब धरून, लागू झाला. इथल्या सांसी लोकांनी तो भोगला. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली, त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे हे चालले. १९५२ साली कायदा गेला.

महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘बेरड’ आहे, ‘राजपूत भामटा’ आहे. म्हणजे तिथल्या शाळकरी पोराला दाखल्याच्या अर्जात जातीच्या रकान्यात, आपण गाडीत खिसेकापूला हासडतो तोच शब्द स्वतःच्या अक्षरात लिहावा लागतो. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भीमराव गस्तींच्या पुस्तकाचे नाव ‘बेरड’. दोन्ही पुस्तके मिळवून वाचावीत अशी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.